‘बाई, किती लिहायचं?’

पंचवटीतल्या एका मराठी शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. पक्ष्यांतलं मला फारसं कळत नव्हतं. कावळा, चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि भारद्वाज ही माझी अख्खी पुंजी. तरी दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेत उतरायचं ठरवलं, कारण त्यात पैसे लागत नव्हते. शाळेत कुठलाही उपक्रम काढायचा तर आधी हेच बघावं लागतं.

‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असं लांबलचक नाव असलेली ही गणना अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली आणि २०१३ पासून भारतातही होते. रीत सोपी आहे. त्या चार दिवसांत कुठेही किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजायचे आणि यादी ‘ई-बर्ड’ या अॅपवर टाकायची.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण ‘पोर्शन’ मागे पडता कामा नये या अटीवर. पालकांचा एकच प्रश्न होता, “सहल आहे का? किती पैसे?” पैसे नाहीत म्हटल्यावर संमतीपत्रं भराभर आली. दुर्बीण एकच, तीही दिरांची, एका डोळ्याने धूसर दिसणारी.

पहिला सराव शाळेच्या आवारात झाला. सहा गट केले, प्रत्येकाला तक्ता दिला. पंधरा मिनिटांनी सहाही कागद हातात आले आणि मी बघतच राहिले. सगळीकडे कावळे १०, चिमण्या १०, पोपट ५. एका गटाने मोरही लिहिला होता. पिंपळाखाली उभी राहून एक मुलगी मला कुजबुजत विचारत होती, “बाई, किती लिहायचं?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्याकडे तक्त्यातली रिकामी चौकट म्हणजे गेलेला मार्क. प्रयोगवहीत वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य अंशच यायला हवं. थर्मामीटरने दोन दाखवले तर मुलं शून्य लिहितात, आणि मी त्यावर बरोबरची खूण करते. दुसऱ्यांना काय बोलू? बी.एस्सी.ला लंबकाच्या प्रयोगात मी स्वतः ९.८ हे उत्तर आधी लिहून मागे मागे रीडिंग्ज बनवत गेले आहे. माझ्या पार्टनरने माझीच उतरवली.

मग तक्ताच बदलला. छापील नावं काढली, नुसत्या रेघा ठेवल्या. शेवटचा रकाना ‘कसं कळलं?’ असा केला आणि त्यात ‘दिसला’ किंवा ‘ऐकला’ एवढंच चालेल असं सांगितलं. खाली एक ओळ राखून ठेवली, ‘ओळखता आला नाही’. गट एकमेकांना दिसणार नाहीत असे उभे केले. गुण देणार नाही हे तीनदा सांगितलं, तरी दोघांनी विचारलंच.

पुढच्या सरावात एका मुलाने त्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘तपकिरी, लहान, शेपूट सारखी वर करत होता, उडाला, १’. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

ई-बर्डवर यादी पाठवताना एक प्रश्न येतो. ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं तर ती पूर्ण यादी धरतात. मुलांना वाटायचं, कावळा काय लिहायचा, तो तर रोजचाच. खरी मेख तिथेच आहे. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो तिथे त्या वेळी आढळला नाही, असं धरता येतं. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे वर्षानुवर्षं बघत गेलं की ती वाढतेय की घटतेय याचा अंदाज बांधता येतो. सगळ्यांनी नुसते देखणे पक्षी लिहिले तर कावळा कमी झाल्याचं कुणाला कळणारच नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ साली जो अहवाल आला, तो अशाच सुमारे ३० हजार हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केलाय. हा आकडा सांगितल्यावर वर्गातून प्रश्न आला, “त्यातले आपण किती ओळखतो?” मी म्हटलं, “नऊ.” हशा झाला.

प्रत्यक्ष गणनेच्या पहिल्या सकाळी रामकुंडावर गेलो. पारव्यांचा एवढा मोठा थवा, त्यात कुणी मूठभर दाणे टाकले की सगळा थवा उठतो आणि फिरून तिथेच बसतो. एकेक मोजणं शक्य नाही. आधी दहा मोजायचे, दहाचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं, मग तसे पुंजके मोजत जायचं. दाणे विकणाऱ्या आजी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. “सर्वे हाये का? मग सकाळी सहाला यायचं. आता निम्मे गेले भद्रकालीकडं.” हे आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

पिंडदान चालू होतं तिथे एक गुरुजी हसले. “कावळे मोजताय? आम्हाला विचारा. आमचं सगळं त्यांच्यावरच अडलेलं असतं.” पूर्वी पिंड ठेवला की कावळा लगेच शिवायचा, आता घरच्यांना ताटकळत बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या एकाने विचारलं, “पूर्वी किती होते?” गुरुजी क्षणभर थांबले. “मोजले कुणी?”

त्या दिवशीचे कावळे १४. त्यात डोमकावळा एकच.

गोंधळ माझ्याच हातून झाला. मुलांकडे फोन नसल्यामुळे त्यांचे कागद बघून अॅपवर मीच भरत होते. नदीकाठच्या यादीत टिटव्या २ होत्या. मी ‘लॅपविंग’ टाइप केलं आणि घाईत ‘नॉर्दर्न लॅपविंग’ निवडलं. आपल्या टिटवीचं नाव ‘रेड-वॉटल्ड लॅपविंग’ आहे. अॅपने ‘हा इथे दुर्मीळ आहे, वर्णन लिहा’ अशी सूचना दिली, तर मी ठोकून दिलं, ‘मुलांनी स्पष्ट पाहिला’. चार दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाची ईमेल आली. भाषा अतिशय सौम्य होती. फोटो आहे का, डोळ्यांपुढची लाल कातडी दिसली का, पुन्हा एकदा बघाल का? वाचताना कानशिलं तापली. मुलांना सांगावं की गुपचूप दुरुस्त करून टाकावं, यावर मी एक रात्र घालवली. शेवटी वर्गात ईमेल वाचून दाखवली. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे बाईंची चूक?” हो, बाईंची. नंतर आठवडाभर माझ्या प्रत्येक वाक्याला “फोटो आहे का, बाई?” हे उत्तर होतं.

पुढच्या वर्षी धीर करून नांदूरमध्यमेश्वरला गेलो, गाडीभाडं निम्मं पालकांनी आणि निम्मं माजी विद्यार्थ्यांनी दिलं. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या या बंधाऱ्यात गाळ साचत गेला आणि त्यातून पाणथळ तयार झाली. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. काळ्या अंगाच्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याचं नाव वारकरी आहे हे कळल्यावर मुलांनी मनोऱ्यावर ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सुरू केलं. गप्प करायला जरा वेळ लागला. वारकऱ्यांचा थवा एका गटाने ४०० मोजला, दुसऱ्याने ६५०. दोघांचीही जिद्द की आपलाच आकडा खरा. मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं, ५०० च्या आसपास आले, तेवढेच लिहिले.

परतताना एक मुलगा गप्प होता. त्याच्या मामांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, “मामा दिवसभर डबा वाजवून पाखरं हाकलतो, जाळी लावतो. त्याला सांगितलं की आम्ही ती मोजतो, तर म्हणाला, माझ्या बागेतलीही घेऊन जा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मामांनी परवा त्यालाच विचारलं म्हणे, मण्यांना चोच मारणारे बुलबुल जास्त की साळुंक्या? आता तो रविवारी तिथे कागद घेऊन बसतो.

यंदाची गणना जवळ आली आहे. मागच्या सोमवारी, गेल्या वर्षी नववीत गेलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. वहीचं शेवटचं पान पुढे केलं. “काल गच्चीवर पंधरा मिनिटं बसले. पारवे अकरा. दुसरं काहीच नाही आलं. असलं पाठवायचं का, बाई?”

मी फोन काढला. “सुरुवात कितीला केलीस?”

कोपऱ्यात लिहिलेलं होतं, सहा बावन्न.