ऑक्सिमीटरवर ९८

एप्रिल-मे म्हणजे आमच्या शहापूर तालुक्यात राब भाजायचे दिवस. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, ऐनाच्या वाळक्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवायचं. मातीमुळे जाळ उठत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. तणाचं बी त्यानेच मरतं, पण अशा अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि बारीक कण जास्त निघतात. पंजाबातल्या परालीवर टीव्हीवर चर्चा रंगतात, आमच्या राबाचं कुणाला काय!

त्या दुपारी आशाताई एका मावशींना आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. पन्नाशीच्या, विडीला कधी हात न लावलेल्या, दुसऱ्याच्या राबावर मजुरीला. डोकं ठणकतंय, उलट्या, छातीत घरघर. "ऊन लागलंय मॅडम, सलाईन लावा," सोबतचा माणूस म्हणाला. मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यांना ऊनच लागतं. ताप नव्हता. पदराला मात्र जळक्या प्लास्टिकचा वास. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पेटवायला खताच्या रिकाम्या गोण्या घातल्या होत्या आणि वारा पडलेला असताना सकाळपासून बाई खोलगट खाचरात बसून आग राखत होती.

ऑक्सिमीटरवर ९८. मोठ्या रुग्णालयात फोन केला, तर तिकडचा डॉक्टर म्हणाला, "सॅच्युरेशन छान आहे, पाठवता कशाला?" बोटाला लावायचं ते यंत्र हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे ओळखतच नाही. दोन्ही त्याला सारखेच लाल. खरं कळतं ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासून, आणि ती सोय आमच्याकडे नाही. हे एमबीबीएसला शिकवलेलं असतं, तरी फोनवर मलाच समजावत बसावं लागलं.

घरघरीसाठी साल्ब्युटामॉलचं, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचं, नेब्युलायझेशन दिलं, मग पिशवीचा मास्क लावून पूर्ण प्रवाहाने ऑक्सिजन. नुसत्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, अशा ऑक्सिजनवर तास-दीड तास. संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं. ऑक्सिजनने, सावलीने की पाण्याने? सिद्ध करायला हातात काही नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

रात्रभर थांबा म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "उद्याचा रोज कोन देईल?" ओला फडका नाकाला बांधतात, पण त्यातून बारीक कण आरपार जातात. एन-९५ लिहून देणं सोपं आहे, मेच्या उन्हात आगीशेजारी तो मीही घालणार नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसा आणि गोण्या जाळू नका, एवढंच सांगितलं.

केसपेपरवर "धुराचा त्रास, कार्बन मोनॉक्साइडची शंका" लिहिलं. मासिक अहवालात धुराला रकाना नाही, त्यामुळे बाई श्वसनविकारात मोजली गेली. आता ऊन लागलं म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, राबावर होतीस का?