माझ्या देशाच्या सैन्याला कॅन्टीन आहे का

गेली काही वर्षं मी फावल्या वेळात एक देश चालवतो. खोटा देश, पण त्याला झेंडा आहे, राज्यघटना आहे, दोनदा पडलेलं सरकार आहे आणि सैन्य पण आहे. घरी कोणाला सांगायला गेलं की "बरं बरं, जेवून घे आधी" एवढंच उत्तर येतं, म्हणून इथे लिहितोय.

याची लागण नेशनस्टेट्समुळे झाली. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ मध्ये आपल्या कादंबरीची जाहिरात म्हणून हा ब्राउझर गेम काढला आणि तो अजून चालू आहे. सरकारपुढे प्रश्न येतात, तुम्ही पर्याय निवडता, त्यावर तुमचा देश घडतो नाहीतर बिघडतो. लोकसंख्या आपोआप वाढत राहते, त्यामुळे जुन्या देशांत अब्जावधी लोक आहेत आणि ते राहतात कुठे हे कोणी विचारत नाही. आणि गेममध्ये युद्धाची सोयच नाहीये! म्हणून लोक युद्ध लिहून खेळतात, तू एक पॅरा लिही मग मी लिहितो. त्यातूनच डिस्कॉर्ड नावाच्या चॅट अ‍ॅपवर आमचा एक छोटा ग्रुप झाला, नकाशा आमचा, काळ आजचा, टेक्नॉलॉजी आजचीच, लेसर वगैरे काढलं की हाकलतात.

माझा पहिला देश कॉलेजात असताना केलेला. लोकसंख्या ५० लाख आणि विमानवाहू जहाजं १२. बारा का, तर अमेरिकेकडे ११ आहेत म्हणून. ग्रुपमधल्या एका पोलिश मुलाने शांतपणे विचारलं, यावर माणसं कोण? अमेरिकेच्या एका मोठ्या कॅरियरवर वैमानिक वगैरे धरून ५,००० च्या आसपास माणसं लागतात, म्हणजे माझी ६०,०००, म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत दर ८३ माणसांमागे एक माणूस नुसता कॅरियरवर. सोबतच्या फ्रिगेट, पाणबुड्या, बंदरावरचे लोक अजून मोजलेच नव्हते. मी काहीतरी उर्मट उत्तर दिलं आणि त्याच आठवड्यात त्याची मिसाईल माझ्या जहाजांना लागतच नाहीत असं लिहिलं. याला गॉडमॉडिंग म्हणतात. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तो आउटच होत नाही ना, तसं. मला काढून टाकलं, बरोबरच केलं.

नंतर एकदा गावी गेलो होतो साताऱ्याकडे. काका सुभेदार म्हणून रिटायर झालेले, माझ्या लॅपटॉपमध्ये रणगाड्यांची चित्रं बघून म्हणाले हे काय रे. मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं पण ते सिरियस झाले आणि म्हणाले, "अरे पण तुझ्या सैन्याला कॅन्टीन आहे का? पेन्शन किती देतोस?"

"काका, ते खोटं सैन्य आहे."

"खोटं असलं म्हणून काय, म्हातारं होणार नाही का ते?"

घरी आल्यावर सहज आपलं बजेट उघडून बघितलं आणि चाटच पडलो. भारताचं २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले जवळजवळ १.६१ लाख कोटी नुसत्या पेन्शनला, आणि नवीन विमानं जहाजं तोफा वगैरे सगळ्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. म्हणजे बातम्यांत जे चमकतं ते पाव आणि काकांसारख्यांचं पेन्शन पण जवळपास पावच. बाकीच्यात पगार, डिझेल, बूट, डाळ.

मग ग्रुपवर परत येऊन दुसरा देश केला तो उलट्या बाजूने, आधी पैसे मग फौज. लोकसंख्या ८० लाख, माणशी वर्षाला १५,००० डॉलर, म्हणजे अर्थव्यवस्था १२० अब्ज डॉलरची. त्याचे २ टक्के सैन्याला, म्हणजे २.४ अब्ज. खरेदीला पाव धरला तर हातात आले ६० कोटी डॉलर. आता आपण २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार केला तो साधारण ७.८ अब्ज युरोचा, शस्त्रं आणि सुटे भाग धरून एका विमानामागे २१ कोटी युरोच्या वर. म्हणजे माझ्या देशाने बाकी काहीही घेतलं नाही, एक गोळी सुद्धा नाही, तरी वर्षाला अडीच विमानं. अर्धं विमान कसं घेणार हा प्रश्न मी संसदेत चर्चेला ठेवला आणि तो आमच्या ग्रुपवरचा आजवरचा सगळ्यात भारी धागा झाला.

कॅरियरचा मोह तरी सुटत नव्हता हां. आपली विक्रांत २०२२ मध्ये आली, सुमारे २०,००० कोटींची, ती बघून वाटायचंच की एक असावी. पण एक घेऊन भागत नाही, एक डागडुजीला गेली की दुसरी हवी. आणि थायलंडचं उदाहरण आहेच, त्यांनी स्पेनकडून चक्री नारुएबेट बांधून घेतली, ती ताफ्यात आली १९९७ मध्ये आणि त्याच वर्षी त्यांचं चलन, बाट, कोसळलं. पैसे नाहीत, जहाज बहुतेक वेळ बंदरातच, त्यावरची हॅरियर विमानं २००६ ला निवृत्त, आता हेलिकॉप्टर उतरतात. गावात लग्नासाठी कर्ज काढून घेतलेली जीप दारात पडून असते तसं. माझ्या देशाला मी गस्ती नौका घेतल्या.

देशाचं नाव वेल्हा. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे, शेवटी आ लावला. बाकीची शहरं पण अशीच, चिपलून, खारेपाट, परदेशी पोरांना हे सगळं स्कँडिनेव्हियन वाटतं. फक्त ब्राझीलच्या खेळाडूने विचारलं तुझ्या देशाचं नाव म्हातारी का आहे? पोर्तुगीजमध्ये वेल्हा म्हणजे जुनी, म्हातारी. आपल्या जुन्या गोव्याला वेल्हा गोवा म्हणतात ते त्यामुळेच, एवढं गोव्याला जाऊन डोक्यात आलं नव्हतं. आता नाव बदलत नाही.

खरी मजा रणगाड्यात आली. वेल्हा डोंगराळ देश, मी ऐटीत ६० टनी रणगाडे घेतले आणि पोलिश भाऊ परत हजर, तुझे पूल किती टनाचे? नकाशावर पूल दाखवलेच नव्हते. मग वाचत बसलो. आपला अर्जुन मार्क १ए ६८ टनांचा आणि लडाखसाठी मात्र २५ टनांचा हलका रणगाडा झोरावर मुद्दाम बनवायला घेतला. १९६२ ला लडाखमध्ये चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे विमानातून नेले, १९४८ ला झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले तेव्हा इंजिनियर लोकांनी खेचरांची वाट रुंद करून दिली आणि रणगाडे श्रीनगरकडे नेताना टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, उतरवून नेले. हे वाचताना रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी ऑफिस, पण त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मला रणगाड्यांपेक्षा रस्त्यांचं वेड आहे. पुढचे तीन आठवडे मी फक्त पूल काढले. कुठला दगडी, कुठला लोखंडी, कुठला मागच्या पुरात गेलेला.

असं केल्यापासून खेळ हळू झालाय हे खरं, काही जण कंटाळून गेले, त्यांना धडाधड युद्ध पाहिजे असतं आणि त्यात वाईट काही नाही, मी पण तसाच होतो. आमचं मागचं अख्खं युद्ध अकरा दिवसांत थांबलं कारण दोन्ही बाजूंचे १५५ एमएमचे तोफगोळे संपले. तह लिहायला मात्र दोन महिने लागले.

कॅन्टीन सुरू केलंय. काकांना फोन करून विचारलं काय काय ठेवू, त्यांनी दहा मिनिटं यादी सांगितली, प्रेशर कुकर सुद्धा. सध्या हलका रणगाडा घ्यायचा की खारेपाटचा पूल ७० टनाचा करायचा यावर मंत्रिमंडळ अडलंय, पुलाचं टेंडर निघालंय आणि ब्राझीलवाल्याच्या कंपनीने सगळ्यात कमी बोली लावलीये. मला काहीतरी गडबड वाटतेय.