हार्ड क्रोमचा हिशेब : फॉर्म ४ पासून फॉर्म ५ पर्यंत

हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर हार्ड क्रोम (क्रोमियमचा जाड, कठीण थर) चढवणारं एमआयडीसीतलं छोटं युनिट, कॅटेगरी रेड, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी गट. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा युनिटचे दोन कागद दरवर्षी जावेच लागतात. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनच्या आत. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरच्या आत. दोन्ही एकाच आर्थिक वर्षाचे, पण मधे तीन महिन्यांचं अंतर. मग होतं असं, की फॉर्म ४ स्टोअरवाला भरतो, फॉर्म ५ सल्लागार भरतो, आणि एका कागदावर स्लज (सांडपाण्याच्या प्रक्रियेतून निघणारा गाळ) ३०० किलो तर दुसऱ्यावर ९०० किलो. मी दोन्ही मे महिन्यात एकाच बैठकीत भरतो, आणि सुरुवात फॉर्मपासून नाही, क्रोमिक ॲसिडच्या बिलांपासून करतो.

कारण साधं आहे. क्रोमियम धातू आहे, तो नाहीसा होत नाही. वर्षभरात जितका गेटमधून आत आला, तितका कुठेतरी दाखवता आला पाहिजे.

गोल आकडे घेऊन बघू. वर्षाला ६०० किलो क्रोमिक ॲसिड लागलं. त्यात ५२ टक्के क्रोमियम, म्हणजे ३१२ किलो. रॉडवर किती चढलं हे रेक्टिफायरच्या (टाकीला डीसी करंट देणाऱ्या यंत्राच्या) अँपिअर-अवर मीटरवरून निघतं. १०० टक्के कार्यक्षमतेला एका अँपिअर-अवरला ०.३२३ ग्रॅम क्रोम बसायला हवं, पण हार्ड क्रोमच्या साध्या सल्फेट बाथची (टाकीतल्या द्रावणाची) कार्यक्षमता १० ते २० टक्क्यांतच असते. १५ धरली तर ०.०४८५ ग्रॅम. वर्षाचे ३० लाख अँपिअर-अवर झाले असतील, तर रॉडवर सुमारे १४५ किलो गेलं. उरलं १६७.

आता चिमणी आणि सांडपाणी. चिमणीतून ताशी ५,००० सामान्य घनमीटर हवा, त्यात दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम क्रोमियम, वर्षाला ३,००० तास : दीड किलो. सांडपाणी रोज २ घनमीटर, ३०० दिवस, प्रक्रियेनंतर लिटरला २ मिलिग्रॅम एकूण क्रोमियम : १.२ किलो. दोन्ही मिळून तीन किलोसुद्धा नाही. राहिलेलं १६४ किलो गेलं कुठे? स्लजमध्ये. टाकीतला साठा होता तितकाच असेल तर दुसरी मोठी जागाच नाही.

एक किलो क्रोमियमचं कोरडं हायड्रॉक्साइड जवळपास दोन किलो होतं. १६४ किलोचं ३२५. फिल्टर प्रेसच्या केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या स्लजमध्ये) ७० टक्के पाणी धरलं, तर ओला केक सुमारे १,०८० किलो. चुना वापरत असाल तर त्यात जिप्समची भर, आणि लोखंडही येतंच. म्हणजे दीड टनाच्या आसपास केक निघाला तर ते स्वाभाविक आहे, आणि फॉर्म ४ मध्ये ३०० किलो लिहिलं असेल तर तो आकडा स्वतःच चुगली करतो. सगळं लक्ष मिलिग्रॅमच्या रिपोर्टवर असतं, पण चूक सापडते ती किलोत.

हिशेब उलट बाजूनेही बिघडतो. जुन्या रॉडवर पुन्हा क्रोम चढवायचं काम येतं, तेव्हा आधीचा थर कॉस्टिकमध्ये उलटा करंट देऊन काढतात. ते क्रोमियम आपण कधी विकत घेतलेलंच नाही, पण स्लजमध्ये येतं. मग खरेदीपेक्षा जावक जास्त दिसते आणि भरणारा घाबरून स्लज कमी लिहितो. तसं करू नका. स्ट्रिपिंगच्या जॉबचं क्षेत्रफळ आणि थराची जाडी वेगळ्या वहीत लिहा. क्रोमची घनता ७.१९ धरून वजन निघतं. एक चौरस मीटरवर ५० मायक्रॉनचा थर म्हणजे ३६० ग्रॅम. दुसरं छुपं खातं टाकीच्या तळाशी असतं. ॲनोड (धन टोकाच्या पट्ट्या) शिशाच्या मिश्रधातूचे असतात, आणि तळाला बसणारा पिवळा गाळ मुख्यतः लेड क्रोमेटचा. त्याच्यात दोन विषारी धातू आहेत. तो ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) स्लजमध्ये मिसळायचा नाही.

इथेच परवानगीचा प्रश्न येतो. बहुतेक छोट्या युनिटच्या संमतीपत्रात, म्हणजे मंडळाने दिलेल्या परवानगीत, घातक कचऱ्याचा एकच प्रकार असतो, ३५.३, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक स्लज. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या अनुसूची १ मध्ये प्लेटिंगचा स्वतंत्र गट १२ आहे : विषारी धातू असलेला वापरलेला बाथ आणि त्याचा गाळ १२.३, प्लेटिंगचा धातूयुक्त स्लज १२.८. क्रोमिक ॲसिडचे रिकामे ड्रम ३३.१ मध्ये येतात. फॉर्म ४ मध्ये परवानगी नसलेला प्रकार लिहिला तर विचारणा होते, आणि न लिहिला तर ताळेबंद जुळत नाही. दुरुस्तीचा अर्ज आधी टाका, पोचपावती हाती घ्या, मग विवरण भरा. ड्रमचं वजन आणि नग दोन्ही लिहा. ६०० किलो माल ५० किलोच्या ड्रममधून आला असेल तर बारा ड्रम दिसलेच पाहिजेत. नऊच असतील तर उरलेल्या तिघांत कोणीतरी पाणी भरून ठेवलंय.

चिमणीच्या नमुन्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. नमुना घ्यायचं भोक शेवटच्या वळणापासून किंवा पंख्यापासून व्यासाच्या आठपट अंतरावर आणि चिमणीच्या तोंडापासून व्यासाच्या दोनपट खाली असावं. ४० सेंटिमीटरच्या चिमणीला ही जागा ३.२ मीटर आणि ८० सेंटिमीटर होते. शिडी आणि प्लॅटफॉर्म नसेल तर प्रयोगशाळेचा माणूस हाताला येईल तिथे नळी घालतो. क्रोमचा धूर म्हणजे खरं तर थेंब असतात : हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात आणि ॲसिडचे कण उडवतात. त्यामुळे नोझलमधला वेग चिमणीतल्या वेगाइतकाच हवा, ९० ते ११० टक्क्यांच्या आत. हा टक्का रिपोर्टवर छापलेला नसेल तर मागून घ्या.

प्रयोगशाळेला आधीच विचारा, क्रोमियम कशात पकडणार? नुसता धूलिकणांचा थिंबल (गाळणीची नळी) घेऊन आले तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचा, आकडा मिळणार नाही. नमुना सौम्य कॉस्टिक किंवा बायकार्बोनेटच्या द्रावणात घ्यावा लागतो, म्हणजे वाटेत ते कमी विषारी ट्रायव्हॅलंटमध्ये बदलत नाही. नमुना चालू असताना दर पंधरा मिनिटांनी रेक्टिफायरचे अँपिअर लिहा आणि त्या कागदावर त्यांच्या माणसाची सही घ्या. अर्ध्या लोडवर घेतलेला सुंदर रिपोर्ट पुढच्या वर्षी पूर्ण लोडचा रिपोर्ट आला की आपल्याच अंगावर येतो.

फॉर्म ५ च्या भाग क मध्ये नुसतं मिलिग्रॅम चालत नाही, रोजचं वजन लागतं. ४० सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मीटर. वेग सेकंदाला ११.५ मीटर, म्हणजे ताशी ५,२०४ घनमीटर. तापमान ३५ अंश असेल तर २५ अंशांवर आणायला २९८ भागिले ३०८ ने गुणा : ५,०३५. याला मिलिग्रॅमने आणि चालू तासांनी गुणा. बरेच जण २४ तास धरतात. टाकी दहा तासच चालते. आणि रिपोर्टवर ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ असेल तर शून्य लिहू नका. ती मर्यादा किती ते लिहा, तिच्यावरून कमाल वजन काढा आणि तसं केल्याची एक ओळ टाका.

पाण्याचं थोडक्यात. सर्वसाधारण मानकात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ आणि एकूण २ मिलिग्रॅम. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक असेल तर तेच खरं. दोन्हींसाठी बाटल्या वेगळ्या. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात. हेक्झाव्हॅलंटच्या बाटलीत ॲसिड घालायचं नाही, ती बर्फात ठेवून २४ तासांत पोचवायची. एकाच ॲसिड घातलेल्या बाटलीतून दोन्ही आकडे आलेले रिपोर्ट मी पाहिलेत. त्यातला हेक्झाव्हॅलंटचा आकडा निरर्थक. रिडक्शनच्या टाकीचं (जिथे हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करतात) रोजचं रजिस्टर मात्र जपा : पीएच २ ते २.५, ओआरपी (रिडक्शन किती झालं ते दाखवणारं माप), आणि रिडक्शनसाठी सोडियम मेटाबायसल्फाइट किती घातलं. एक किलो क्रोमियमला कागदावर पावणेतीन किलो लागतं, प्रत्यक्षात तीनच्या वर. वर्षाची मेटाबायसल्फाइटची खरेदी १०० किलो आणि स्लज दीड टन, हे कोणालाही पटणार नाही.

फॉर्म ३ ची, म्हणजे घातक कचऱ्याच्या नोंदींची, वही रोजची असते आणि मार्चअखेर एका पेनाने, एका अक्षरात लिहिलेली ओळखू येते. केक निघाला त्या दिवशीच वजन करून लिहा. रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रावर गाडी गेली की त्यांच्या काट्यावरचं वजन वेगळं येतं, कारण आठवड्यात केक वाळतो. आमच्या वहीत दोन्ही वजनांना स्वतंत्र रकाने आहेत; फॉर्म ४ मध्ये पाठवलेला माल मॅनिफेस्टच्या (गाडीबरोबर जाणाऱ्या वाहतूक-पत्राच्या) वजनाने जातो आणि फरकाचं कारण शेऱ्यात. फॉर्म १० च्या मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात. पिवळी आपल्याकडे राहते, निळी केंद्राकडून परत यावी लागते. निळी आली नाही तर माल पोचल्याचा पुरावाच नाही, म्हणून गाडी सुटल्यावर पंधरा दिवसांनी मी ईमेल टाकतो. साठवण ९० दिवसांपर्यंतच चालते. वर्षाला दहा टनांच्या आतल्या युनिटला मंडळ १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण मागितलं तर. तीन महिन्यांच्या तीन-चारशे किलोसाठी अख्खी गाडी परवडत नाही, तेव्हा हा अर्ज आधीच करून ठेवावा.

ऑनलाइन भरताना एककं बघा. संमतीपत्रात उत्पादन ‘नग’ असेल आणि तुम्ही चौरस मीटर टाकलेत, तर क्षमता ओलांडल्यासारखं दिसू शकतं. फॉर्म ५ मध्ये मागच्या वर्षाचा रकानाही असतो. तो गेल्या वर्षी भरलेल्या प्रतीवरूनच घ्या, आठवणीतून नाही.

मे महिन्यात कितीही डोकं लावलं तरी एक गोष्ट मागे जाऊन करता येत नाही, ती म्हणजे ३१ मार्चचा साठा. ३,००० लिटरच्या टाकीत लिटरला २५० ग्रॅमने ७५० किलो क्रोमिक ॲसिड असतं, वर्षाच्या खरेदीपेक्षा जास्त. बाथ २५० वरून २४० वर आला तर ३० किलोचा फरक, तोही कोणत्याच बिलावर न दिसणारा. म्हणून ३१ मार्चला संध्याकाळी टाकीची पातळी पट्टीने मोजायची, बाथचं टायट्रेशन (लिटरला ॲसिड किती ते काढणारी चाचणी) करायचं, अँपिअर-अवर मीटर आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढायचा, शेडमधल्या स्लजच्या गोण्या आणि रिकामे ड्रम मोजायचे. तासाभराचं काम आहे. त्या कागदावर सुपरवायझरची सही, आणि १ एप्रिलचा सुरुवातीचा साठा तोच.