तुम्ही विचारलंत म्हणून : साध्या सर्दीला मी दारातून का परतवते

"ताप नाही, अंगदुखी नाही, साधी सर्दी तर आहे. काहून एवढं करून राहिली बाई?" मानेवाड्यातल्या शेजारणी हे विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात. गेल्या महिन्यात सख्ख्या मावशीनं विचारलं. तिचं नाक गळत होतं, म्हणून चुलतबहिणीच्या तान्ह्या बाळाच्या खोलीत मी तिला जाऊ दिलं नाही. ती न जेवता निघून गेली. त्या वेळी मला धड बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

2022 ची कोजागिरी रविवारी होती. त्याच दिवशी माझ्या भाचीचं बारसं होतं. भाची सहा आठवड्यांची, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मला तीन दिवसांपासून सर्दी होती. मी पहिली-दुसरीला शिकवते, वर्गात कुणाचं ना कुणाचं नाक वाहतच असतं. पण मी बेफिकीर नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मी कोविडची किट आणून घरी तपासणी केली, एकच रेघ आली. ताप दोनदा मोजला, नव्हता. हातांना सॅनिटायझर चोळला आणि साडी नेसून हॉलवर गेले.

पाळण्यावर वाकून मी तिच्या कानात कुर्रर्र केलं. तिचा कान माझ्या ओठांना लागला. जावळाला वेखंडाचा वास होता. पाठीवर बायकांचे धपाटे पडत होते, सगळ्या हसत होत्या. मी नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग तिच्या गालाचा पापा घेतला.

शुक्रवारी तिचं नाक वाहू लागलं. रविवारी रात्री साडेअकराला वहिनीचा फोन आला, "ताई, हिचा श्वास पाहा नं." मी पोचले तेव्हा झबलं वर केलेलं होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. ती दूध ओढायला जायची आणि दोन घोटांत दमून सोडून द्यायची. रडण्याचा आवाजही निघत नव्हता. गाडीत एकदा तिचा श्वास थांबला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. वहिनीनं तळपाय चोळले आणि ती पुन्हा श्वास घेऊ लागली.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला?" भाऊ म्हणाला, "नाही, तसं कुणालाच नाही." मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

नाकातल्या स्वॅबचा रिपोर्ट आला. फ्लू निगेटिव्ह, कोविड निगेटिव्ह, आरएसव्ही, म्हणजे श्वसनमार्गाला होणारा एक विषाणू, पॉझिटिव्ह. पाच दिवस ऑक्सिजन लागला, दूध नाकातल्या नळीनं द्यावं लागलं. या विषाणूवर फ्लूसारखी गोळी नाही. फ्लूत ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत दिली तर उपयोग होतो. इथे नाक साफ करायचं, ऑक्सिजन द्यायचा, पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि वाट पाहायची. अँटिबायोटिक तर कुठल्याच विषाणूवर चालत नाही.

मी शोधत होते कोविड, आणि तिथेच चुकले. ती किट फक्त कोविडच ओळखते. आपण सगळ्याला 'व्हायरल' म्हणून मोकळे होतो, पण हे विषाणू एकासारखे एक नाहीत. फ्लू एक ते चार दिवसांत अंगावर येतो, एकदम, ताप आणि हाडं मोडल्यासारखं दुखणं घेऊन. तो लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरतो. कोविडला दोन ते चौदा दिवस लागू शकतात आणि बंद खोलीच्या हवेत तो तरंगत राहतो. आरएसव्ही जवळच्या खोकण्या-शिंकण्यातून आणि हातांवरून जातो, पाळण्याच्या कठड्यासारख्या टणक जागेवर तासन्‌तास टिकतो. मोठ्यांना तो बहुधा सर्दीच वाटतो. बाळाच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या मात्र सुजून चिकटाने बंद होतात. सॅनिटायझरचंही तेच. फ्लू, कोरोना, आरएसव्ही यांच्यावर चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलनं फुटतं. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस आणि डोळे लाल करणारा ॲडिनोव्हायरस यांना ते आवरणच नाही, तिथे साबणानं खसखसून हात धुणंच बरं. आणि हात धुतले तरी ओठ होतेच की माझे.

2025 च्या जानेवारीत एचएमपीव्ही या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा हीच शेजारची माणसं मला विचारायला आली, मास्क कुठला घ्यायचा. तो आरएसव्हीचाच नातलग, 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलेला, म्हणजे नवा नाहीच. नाव नवं वाटलं की घाबरायचं आणि सर्दी म्हटलं की बाळाला कडेवर घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही होऊन जातो, मग एवढं काय? खरं आहे. मीही रात्री स्वतःला हेच सांगायचे. पण सहा आठवड्यांचा श्वास आणि दोन वर्षांचा श्वास यांत फरक आहे, तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

माझ्याकडूनच गेला का? आरएसव्हीची लागण झाल्यावर लक्षणं बहुधा चार ते सहा दिवसांनी दिसतात. रविवार ते शुक्रवार, हिशेब बसतो. पण हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. वहिनीच्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगाही शेंबडा होता आणि सारखा पाळणा हलवत होता. माझ्या नाकाचा स्वॅब कुणी घेतला नाही. कधी वाटतं तो पोरगाच असेल, आणि तसं वाटून बरं वाटतं याचीच मग लाज वाटते.

मावशीवर मी आवाज चढवायला नको होता. तिला अडवलं, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

भाची आता बालवाडीत जाते. सर्दी झाली की तिची छाती वाजते. त्याचा या आजाराशी संबंध असेलही, नसेलही. वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. परवा ती म्हणाली, "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं हं." मी हो म्हटलं. डॉक्टरांसमोर मी गप्प राहिले, ते तिला अजून माहीत नाही. हे लिहिलेलं छापायच्या आधी तिला वाचायला देणार आहे.