काक्षी कधी फुटणार?

हिवाळ्यात आकाशदर्शनाला मृग नक्षत्र दाखवलं की मधल्या तीन ताऱ्यांच्या बाणापाशी कुणी फार रेंगाळत नाही. मृगाच्या चार पायांपैकी जो तांबूस आहे, त्या काक्षीकडे (इंग्रजीत बीटलज्यूस) बोट करून कुणीतरी विचारतंच, "हाच ना तो फुटणार आहे? कधी?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुधा येत्या लाखभर वर्षांत. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत नुसत्या डोळ्यांनाही फरक जाणवू लागला, तेव्हा अनेकांना वाटलं, आता वेळ भरली. पण ताऱ्यानंच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. वरून पाहून आतलं कळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती याच गोष्टीची.

सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा घ्या. गाभ्यातलं हायड्रोजनचं इंधन संपवायला त्याला साधारण ७० लाख वर्षं लागतात. हेलियमला काही लाख वर्षं. मग कार्बन सुमारे ६०० वर्षं, निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहाएक महिने. आणि सिलिकॉन? एक दिवस. हे सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. कार्बनपासून पुढे गाभ्यातली बरीचशी ऊर्जा न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे सूक्ष्म कण, परस्पर घेऊन जातात, म्हणून स्वतःचं ओझं पेलायला ताऱ्याला आणखी वेगानं जळावं लागतं. शेवटी लोह उरतं. लोहाच्या अणुकेंद्रांच्या मीलनातून ऊर्जा सुटत नाही. लोहाच्या गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीपर्यंत, म्हणजे ज्यापुढे त्याला स्वतःचं ओझं पेलत नाही त्या चंद्रशेखर मर्यादेपर्यंत वाढलं की पृथ्वीएवढा तो गोळा सेकंदभराच्या आत कोसळून एखाद्या शहराएवढा होतो. त्यातून धक्का उसळतो; काक्षीसारख्या फुगलेल्या ताऱ्यात तो पृष्ठभागापर्यंत यायला दिवसभरही लागू शकतो. तोवर वर सगळं जैसे थे.

आपल्याला धोका नाही; तो पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं लांब आहे. "आधीच फुटला असेल तर?" असंही विचारतात. त्याचा प्रकाश इथे यायला पाच-सातशे वर्षं लागतात; लाखभर वर्षांतली ही पाच-सातशे वर्षं, शक्यता फार थोडी.

वर्दी मिळेल ती न्यूट्रिनोंकडून, कारण ते धक्क्याची वाट न पाहता गाभ्यातून थेट निसटतात. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅगेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या, एका ताऱ्याचा स्फोट दिसला, त्याच्या दोन-तीन तास आधीच जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या उपकरणांनी मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले होते. तेही १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरून! काक्षीचे तर आज लाखोंनी सापडतील.

मला धास्ती आहे ती जूनची. तेव्हा सूर्य मृगात, मग आर्द्रात असतो, म्हणजे काक्षीच्याच आसपास, आणि आपल्याकडे आभाळ भरलेलं. दिवसाही दिसावा असा तारा तेव्हा उजळला तर आपल्याला ढगच पाहावे लागतील. न्यूट्रिनो मात्र तेव्हाही सापडतील. ते ढगच काय, अख्खी पृथ्वी ओलांडून जातात.