जरा शशिकला वाटते

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला बघायला पुण्याची मंडळी आली होती. मुलगा, त्याचे आईवडील आणि लग्न झालेली थोरली बहीण. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन बोलून आली. निघताना वहिनीनं शेंगाचटणीचा पुडा आणि कडक भाकरी बांधून दिली (सोलापुरातून पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर आम्हाला गावाची अब्रू गेल्यासारखं वाटतं). त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली न वळली तोच आमची बैठक बसली. मी म्हटलं, "मुलगा बरा आहे. पण त्याची बहीण जरा शशिकला वाटते."

आईचं वय पंच्याऐंशी. कानाला यंत्र आहे, आणि 'गोळी घेतलीस का' हे तिला चौथ्यांदा विचारावं लागतं. हे मात्र तिला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली. दादाही हसला. भाची आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि म्हणाली, "शशिकला म्हणजे ती तमिळनाडूची? जयललितांच्या घरी राहायची ती?"

"नाही गं. जुन्या सिनेमातली. म्हणजे बघ, ललिता पवार सासू असली, तर ही नणंद किंवा जाऊ."

"ललिता पवार कोण?"

"रामायणातली मंथरा!"

"कुठल्या रामायणातली?"

इथं मी हात टेकले. एका शब्दाचा अर्थ सांगायला दुसरा शब्द, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि तिन्ही तिला सारखेच परके. भाची सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर, आमच्या घरात सगळ्यात हुशार. पण त्या क्षणी आम्ही तिघं एक भाषा बोलत होतो आणि ती दुसरी.

आमच्या घरात नटनट्यांची विशेषणं झालेली होती. 'शशिकला' म्हणजे गोड हसून काडी लावणारी. पडेल चेहऱ्याचा कोणी आला की 'काय रे, भारतभूषण का झालाय?' ऊठसूट डोळ्यांत पाणी आणणारी ती निरूपा रॉय. इकडचं तिकडे करणारा तो जीवन, कारण त्या नटानं पडद्यावर नारद इतक्या वेळा केला की आईच्या लेखी खऱ्या नारदाचंही तेच तोंड होतं. माझ्या एका आत्याचे यजमान दिसायला अत्यंत देखणे आणि बोलायला अत्यंत कंटाळवाणे. त्यांना त्यांच्या पाठीमागं 'प्रदीपकुमार' म्हणत. एवढ्या एका शब्दात माणूस उभा राहायचा. आता ह्याच कामाला मला तीन वाक्यं लागतात आणि तरी माणूस बसलेलाच असतो.

ह्या शब्दसंग्रहाची मालकीण आई. वडील मिलमध्ये कारकून. पगार झाला की त्या आठवड्यात आई आणि वाड्यातल्या चारपाच बायका भागवत थिएटरला सिनेमा बघायला जायच्या. जाताना केसांत मोगरा, येताना डोळे लाल. 'आरती' १९६२ चा आणि 'गुमराह' १९६३ चा. पहिल्यात शशिकला मीनाकुमारीला छळणारी जाऊ, दुसऱ्यात मालासिन्हाला धमकावून पैसे उकळणारी. दोन्ही कामांबद्दल तिला फिल्मफेअर मिळालं, आणि आमच्या वाड्याकडून मिळाल्या त्या शिव्या. आई सांगते, 'आरती' बघताना शेजारच्या मावशींनी अंधारात चक्क बोटं मोडली होती. शशिकला पडद्यावर येऊन भुवई उडवायची, ओठाचा एक कोपरा वर करायची, आणि पुढं कुणाच्या तरी संसाराला आग लागणार हे शेवटच्या रांगेपर्यंत कळायचं.

आता ह्यातली गंमत सांगते. एप्रिल २०२१ मध्ये शशिकला गेल्या. आम्ही सगळे लॉकडाऊनमध्ये घरात. मोबाईलवर बातमी वाचताना मी थबकले. जन्म सोलापूर, १९३२. मूळच्या जवळकर. अगदी लहानपणी जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर नाचायच्या, गायच्या. वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेलं. तिथं नूरजहाँच्या नजरेत भरल्या आणि 'झीनत' (१९४५) मधल्या बायकांच्या कव्वालीत त्यांना जागा मिळाली. म्हणजे जिला आईनं साठ वर्षं 'ही मेली' म्हणून उद्धारलं, ती आमच्याच गावची लेक. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आपल्या गावची होय? मग धंदा बुडाल्यावर काय करणार बिचारी." आणि चहा मागितला. तेवढ्यात साठ वर्षांचा खटला निकाली.

मला मात्र ते लागलं. भाचीला शशिकला माहीत नाही म्हणून हसणारी मी. मला तरी कुठं माहीत होती?

नीट विचार केला तर, आम्हाला जुन्या लोकांची माहिती होती ती काही आमच्या रसिकतेमुळं नव्हे. आम्हाला दुसरं मिळतच नव्हतं. घरात रेडिओ एक, त्याचं बटण वडिलांच्या हातात. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लागायची आणि आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं ठरलेलं, सैगलचं. मला तेव्हा सैगल अजिबात आवडत नसे. माझ्या डोक्यात सैगलचा आवाज, वेणीचा पीळ आणि शाळेला उशीर हे अजून एकत्रच आहे. मिलच्या भोंग्यासारखाच तोही एक भोंगा. पण ऐकून ऐकून पाठ झाला, आणि पस्तिशीनंतर एके दिवशी अचानक आवडायला लागला. मग दूरदर्शन आलं. रविवारी संध्याकाळी एकच सिनेमा, वाड्यात टीव्ही एकच, समोर चाळीस माणसं. जे लागेल ते बघायचं. माझ्या जन्माच्या आधीचे किती सिनेमे मी असे केवळ उठून जायला वाट नव्हती म्हणून पाहिलेत. आम्हाला कोणी विचारलंच नाही की तुला काय बघायचंय. भाचीचा फोन तिला दर मिनिटाला तेच विचारतो.

आणि मागचं माहीत असणं तरी कितपत? आजोबा मास्टर विठ्ठलच्या तलवारबाजीबद्दल बोलायला लागले की आम्ही भावंडं एकमेकांना चिमटे काढायचो. 'आलम आरा'चा नायक तो. आजोबांचे डोळे चमकायचे, आम्ही खिदळायचो. ते हिरमुसून पान लावायला घ्यायचे. तेव्हा ते पान दिसलं, हिरमुसणं दिसलं नाही.

मागचं जाऊ द्या, शेजारचं? साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात भिंतीला भिंत लावून एक पद्मशाली कुटुंब राहायचं. त्यांच्या घरातल्या अक्का आईच्या जिवलग मैत्रीण. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड, सगळं एकाच दमात. त्यांच्या देवघराशेजारी कृष्णाचं एक कॅलेंडर होतं. काय तो चेहरा, काय ते हसू! आठ वर्षांची होईपर्यंत मी अक्कांकडे गेले की आधी त्याला नमस्कार करत असे. पुढं १९८३ साली पेपरात आंध्रच्या नव्या मुख्यमंत्र्यांचा फोटो आला आणि मी किंचाळले, "आई, अक्कांचा कृष्ण!" ते एन. टी. रामाराव होते. 'मायाबजार'मधला कृष्ण. मी आठ वर्षं एका नटाला नमस्कार केला होता आणि त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. अक्का त्यातल्या एस. व्ही. रंगारावांच्या घटोत्कचाबद्दल भरभरून सांगायच्या. लग्नघरातलं सगळं जेवण तो एकटा फस्त करतो, लाडू आपोआप उडून तोंडात जातात, वगैरे. मी 'हो का' म्हणत असे, आणि मनात म्हणत असे, असेल काहीतरी तेलुगू. दोन घरांमधली भिंत एक वीट जाडीची. पलीकडून हातमागाचा खटखटाट रोज ऐकू यायचा. त्यांचा सिनेमा कधी ऐकू आला नाही, कारण मी कान दिलाच नाही.

दोनतीन वर्षांपूर्वी गणपतीत भाची आणि अक्कांचा नातू मांडवासमोर नाचत होते. 'पुष्पा'चं गाणं. एक खांदा वर, हनुवटीखालून हात, पाय ओढत. शेजारी अक्का खुर्चीवर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वाकून अगदी सहज म्हणाल्या, "हा आमच्या अल्लू रामलिंगय्याचा नातू. त्याचा आजा लय हसवायचा." अल्लू अर्जुनला आजोबा आहेत, ते तेलुगूतले केवढे मोठे विनोदी नट होते, हे मला त्या दिवशी कळलं, साठीला टेकल्यावर. भाचीला तेही माहीत नव्हतं, पण तिला अल्लू अर्जुन माहीत होता, त्याचे पाचसहा सिनेमे पाहिलेले होते, आणि अक्कांच्या नातवाशी तिचं त्याच्यावरून भांडणही झालं होतं. मला आणि अक्कांच्या मुलीला आख्ख्या बालपणात भांडायला एक नट सापडला नव्हता. हे ह्या पोरांचं मला मान्य करावंच लागतं, जरा नाराजीनं का होईना.

नाराजी आहेच. ती लपवण्यात अर्थ नाही. 'लग जा गले' सगळ्यांना पाठ, रीलमध्ये वाजवतात, पण ते जिच्यावर चित्रित झालं ती साधना कोण हे विचारलं की शांतता. मध्यंतरी भाचीनं कपाळावर बटा कापून घेतल्या. आई लगेच म्हणाली, "साधना कट केलास होय?" ती म्हणाली, "आजी, ह्याला बँग्ज म्हणतात." मला रागच आला. मग आठवलं, तो कट साधनाचा तरी कुठं होता? 'लव्ह इन सिमला' (१९६०) च्या वेळी दिग्दर्शक नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नवरून तो साधनाच्या रुंद कपाळावर उतरवला. आई आयुष्यभर ऑड्री हेपबर्नची केशरचना साधनाच्या नावावर खपवत आली, भाची ती निनावी वापरते. राग नेमका कुणावर काढायचा?

कधी कधी त्यांना न माहीत असण्याचाही फायदा होतो. डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे. भाचीला शाळेत असताना त्यांच्या स्मारकात नेलं होतं. १९३८ साली ते चीनला गेले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, १९४२ साली तिथंच वारले, हे सगळं तिला नीट ठाऊक. पण त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली सिनेमा काढला हे नव्हतं ठाऊक. मी मोठ्या हौसेनं तो लावला. शांताराम स्वतः कोटणीस झालेत आणि जयश्रीबाई त्यांची चिनी बायको. भाचीनं दहा मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "आत्या, ह्या बाई चिनी आहेत असं तेव्हा लोकांना खरंच वाटलं?" मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय. तिन्ही वेळा रडलेय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आता चौथ्यांदा रडता येईल की नाही, शंकाच आहे.

तर, त्या दिवशीची बैठक. मी भाचीला म्हटलं, "थांब, तुला शशिकला दाखवतेच." फोनवर 'गुमराह'मधला एक प्रसंग काढला. आईही खुर्ची ओढून पुढं सरकली. भुवई उडाली, ओठाचा कोपरा वर गेला. आईनं जुन्या सवयीनं "मेली" म्हटलं आणि लगेच जीभ चावली. गावची लेक.

भाचीनं फोन हातात घेतला, चित्र थांबवलं, दोन बोटांनी चेहरा मोठा केला.

"आत्या, ही तर 'सोनपरी'तली आजी!"

"कुठली परी?"

"अगं मी लहान होते तेव्हा लागायचं ना टीव्हीवर. मृणाल कुलकर्णी परी होती. त्यात ह्या आजी होत्या. किती गोड होत्या!" ती चेहरा पुन्हा लहान-मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्याची बहीण तुला अशी वाटली? तुला माहितीये, आलेल्यांपैकी तिनं एकटीनंच मला बाजूला घेऊन विचारलं, तुला खरंच पुण्याला यायचंय का, की घरचे म्हणतायत म्हणून?"

मी गप्प बसले. दादानं चहाचे कप गोळा करायला घेतले, जे तो एरवी कधीच करत नाही. बोलली फक्त आई. ती अजून फोनकडेच बघत होती.

"आजी झाली म्हणून काय झालं," ती म्हणाली, "डोळे बघ की तिचे."