पीठ संपलं की चूल बंद: आमच्या पिझ्झेरियाची वाटचाल

आमच्या पिझ्झेरियाच्या दाराबाहेर एक फळा आहे. त्यावर सात नियम खडूनं लिहिलेले असतात. पहिल्यांदा येणारी माणसं तो वाचतात आणि मग काचेतून माझ्याकडे बघतात. कुणाच्या चेहऱ्यावर कुतूहल असतं, कुणाच्या चेहऱ्यावर सरळ राग. खुर्चीवर बसून, भूक लागलेली असताना नियम कळण्यापेक्षा ते उंबरठ्याबाहेर कळलेले बरे, म्हणून फळा बाहेर ठेवला. तो कसा भरत गेला, हीच आमच्या धंद्याची हकिगत आहे.

आम्ही दोघी बहिणी. ताईचा हात बेकरीत काम करून पिठावर बसलेला, आणि मी दुसऱ्यांच्या धंद्याचे हिशेब लिहिणारी. भट्टीसमोर ती आणि गल्ल्यावर मी, अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली ती आजही तशीच आहे.

सुरुवातीला आमच्याकडे एकही नियम नव्हता. मेनूवर चौतीस पिझ्झे होते. अर्धा असा, अर्धा तसा हवा? मिळेल. दुप्पट चीज? मिळेल. सहा टॉपिंग एकावर एक? तेही मिळेल. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना ‘नाही’ हा शब्द तोंडातून निघणं अवघड असतं. गिऱ्हाइकाला जे हवं ते देणं म्हणजेच त्याचा मान ठेवणं, असं मी तेव्हा अगदी मनापासून मानत होते.

पण ताईनं भट्टी बांधून घेतली होती ती इटलीतल्या नापोलीच्या, म्हणजे नेपल्सच्या पद्धतीची, लाकडावर चालणारी, बुटक्या घुमटाची. नापोलीत १९८४ साली तिथल्या जुन्या पिझ्झा करणाऱ्यांनी एकत्र येऊन एक संस्था काढली, असोचात्सिओने वेराचे पिझ्झा नापोलेताना. अस्सल नापोलीचा पिझ्झा कशाला म्हणायचं, हे त्यांनी नियमावलीत लिहून ठेवलं आहे. व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर. मधला भाग पाव सेंटिमीटर जाडीचा, कडा फुगलेली, १ ते २ सेंटिमीटर. पीठ हातानंच पसरायचं, लाटणं वापरायचं नाही. भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. आम्ही त्या संस्थेचे सभासद नाही, पण ही मापं ताईनं स्वतःच्या अक्षरात लिहून भट्टीशेजारी लावली होती. २०१७ मध्ये युनेस्कोनं नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्या दिवशी ताई भट्टी पेटवायच्या आधी बराच वेळ तो कागद वाचत उभी होती.

भट्टीसमोरच्या त्या कागदाचं आणि माझ्या मेनूचं मुळातच जमत नव्हतं, आणि ते समजायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं.

पाव सेंटिमीटर म्हणजे किती, ते बोटांच्या चिमटीत धरून बघा. त्यावर मशरूम, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटोच्या चकत्या असं सगळं चढवलं की भाज्यांना पाणी सुटतं. मंद आचेच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटांत ते पाणी उडून जातं, आमच्या भट्टीत दीड मिनिटात ते उडत नाही, बेसमध्ये मुरतं. कडा काळपट ठिपके पडून छान फुललेली आणि मध्ये लगदा, असे पिझ्झे आम्ही वर्षभर लोकांच्या पुढ्यात ठेवले. अर्ध्या-अर्ध्याचंही तेच. एका बाजूला ओलं टॉपिंग आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, म्हणजे एक बाजू भाजून होईपर्यंत दुसरी करपायची.

एका रात्री नऊ जणांचं एक कुटुंब आलं. वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस तो वाटेत अडकलेला, तरी त्यांनी ऑर्डर दिली. पिझ्झे आले, मांडून ठेवले, फोटो निघाले आणि सगळे त्याची वाट बघत बसले. तो आला तोवर अर्धा तास उलटला होता. निघताना त्या घरातल्या आजी शांतपणे म्हणाल्या, “बाळ, चामड्यासारखा लागला गं.” त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पातळ बेस गरम असतो तोवर लवचीक असतो. थंड होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो, चीजमधली चरबी गोठते, सॉसमधलं पाणी खाली उतरतं. भट्टीतून निघाल्यावर पहिली पाच-सहा मिनिटं, हेच या पिझ्झ्याचं आयुष्य. पुन्हा गरम केला तर पोट भरतं, पण ती पाच मिनिटं परत येत नाहीत.

त्या रात्री आवराआवर झाल्यावर ताई म्हणाली, “मी दिवसभर ज्याच्यासाठी राबते, ते कुणाच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाहीये.” दुसऱ्या दिवशी आम्ही फळा विकत आणला.

पहिला नियम असा लिहिला: टेबलावरची सगळी माणसं आली की मगच ऑर्डर घेऊ. दुसरा त्याच्या पोटातूनच आला. भट्टीत एका वेळी दोनच पिझ्झे मावतात, त्यामुळे सहा जणांचे पिझ्झे एकदम येत नाहीत, दोन-दोन करून येतात. तेव्हा ज्याचा आला त्यानं लगेच सुरुवात करायची, इतरांसाठी थांबायचं नाही. हा नियम सांगायला मला सगळ्यात जड गेला, कारण सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय घास घ्यायचा नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे. म्हणून मी सुचवते की पहिला पिझ्झा सगळ्यांनी मिळून खा, मग दुसरा. असं सांगितलं की माणसं खुलतात. एकमेकांच्या ताटातलं खाल्लं की गप्पाही रंगतात.

मग मेनूवर हात फिरवला. चौतीसचे नऊ झाले. नापोलीतलं दा मिकेले हे पिझ्झेरिया १८७० पासूनचं, आणि त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुख्यतः दोनच पिझ्झे केले, मारिनारा आणि मार्गेरिता. मारिनारावर तर चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल. दोनाच्या जोरावर एवढा काळ काढता येतो, तर नवावर आमचं का चालू नये, असा ताईचा बिनतोड सवाल होता. फळ्यावर भर पडली: नवापैकी कोणताही, आहे तसा. एखादी गोष्ट चालत नसेल तर काढून देऊ, वर काही घालणार नाही.

त्यानंतरचे चार महिने फार वाईट गेले. जुनी गिऱ्हाइकं तुटली. टेबलावरच्या केचपच्या बाटल्या आणि मिरचीच्या पुड्या उचलल्या तेव्हा तर दोन जण ताटावरून उठून गेले. वाढायला असलेला आमचा एक मुलगा लोकांचं बोलणं ऐकून कंटाळला आणि काम सोडून गेला. घरपोच पोहोचवणाऱ्या एका कंपनीचा माणूस तीनदा येऊन बसला. आकडे त्याच्या बाजूनं होते. पण बंद खोक्यात वाफ कोंडते आणि फुललेली कडा दहा मिनिटांत ओल्या स्पंजासारखी होते. ताईनं एक पिझ्झा त्याच्यासमोर खोक्यात घातला, वीस मिनिटांनी उघडला आणि त्याला एक तुकडा दिला. त्यानं तो खाल्ला, काही बोलला नाही, आणि पुन्हा आला नाही. पार्सल तेव्हापासून बंद. ताटात उरलेलं मात्र आम्ही कागदात बांधून देतो आणि सांगतो, कोरड्या जाड तव्यावर मंद आचेवर ठेवा, झाकण घालू नका.

त्या महिन्यांत माझ्याकडूनही एक चूक होत होती. नियम बरोबर होते, ते सांगायची माझी पद्धत चुकीची होती. ‘आमच्याकडे असं चालत नाही’ या वाक्यानं समोरच्याचा अपमान होतो, त्याला कारण कळत नाही. आता प्रत्येक नियमाखाली फळ्यावर एका ओळीत कारण लिहिलेलं असतं, आणि वाढणाऱ्या प्रत्येकानं ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, हा कामावर घेतानाचा आमचा पहिला निकष आहे. ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही, तो पुसायचा.

एक नियम मात्र कारण असूनही पुसला. आम्ही पिझ्झा कापून देत नव्हतो. नापोलीत तो अख्खाच येतो, खाणारा सुरी-काट्यानं कापतो, आणि आधी कापला तर कापांमधून रस खाली उतरून बेस भिजतो. कारण खरं होतं. पण एका संध्याकाळी एक आजोबा आले, हात थरथरत होते. सुरी दोनदा ताटाबाहेर गेली. शेजारच्या टेबलावरचे बघत होते, आणि त्या आजोबांना सगळे बघताहेत हे कळत होतं. ताई भट्टी सोडून बाहेर आली, मोठी कात्री घेतली आणि त्यांच्या बाजूला बसून एकेक घास कापून दिला. रोममध्ये काप विकताना कात्रीच वापरतात, तिनं सहज सांगितलं. त्या रात्री फळ्यावरची ती ओळ गेली. आता अख्खा आणतो, आणि हवा असेल तर टेबलावर कात्रीनं कापून देतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो सातव्या नियमावर: पीठ संपलं की चूल बंद. रोज १८.५ किलो बारीक मैदा, ११ लिटर पाणी, ५५० ग्रॅम मीठ आणि चिमूटभर यीस्ट. त्यातून २५० ग्रॅमचे १२० गोळे होतात आणि ते २४ तास फुगत राहतात. या वेळात पिठातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात, त्यातूनच चव येते आणि कडेला रंग चढतो. रात्री साडेआठला कुणी म्हणालं, ‘पटकन थोडं मळा ना,’ तर तो गोळा पसरायला घेतला की रबरासारखा मागे येतो, आणि भाजला तर पांढरट राहतो. उद्याचे गोळे आज वापरले तर उद्या येणाऱ्याचं नुकसान. पाऊस पडला, गर्दी कमी झाली, गोळे उरले, असंही होतं. जास्त आंबलेला गोळा पसरताना फाटतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पिझ्झ्याला वापरत नाही, ताई त्याचे पाव भाजते.

शनिवारी मात्र बरेचदा नऊच्या आत फळ्यावर ‘संपलं’ लिहावं लागतं. काचेतून आत ट्रेमध्ये चार गोळे दिसत असतात. बाहेरचे लोक बोट दाखवतात, आहेत की अजून, विकायचे का नाहीत. मी बाहेर जाऊन सांगते की ते मोजलेले आहेत. दोन वाढणारे, एक भांडी घासणारा, आणि ताई. दिवसभर ज्यांनी गरम पिझ्झे दुसऱ्यांच्या टेबलावर नेले, त्यांनी रात्री तो गरमच खायचा, बसून. त्यातला अर्धा ताई मला देते. हा नियम फळ्यावर लिहिलेला नाही, पण तो आजवर एकदाही मोडलेला नाही.